नोव्हेंबरात बास कुठे जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आल्यापासूनचा हा पहिलाच मोसम. सप्टेंबर-ऑक्टोबरात लेक हपॅटकाँगच्या स्टेट पार्कच्या काठावरून आणि कधी भाड्याच्या कयाकमधून प्लास्टिकच्या वर्मवर (नकली गांडुळावर) आणि फिरत्या पात्यांच्या स्पिनरबेटवर बऱ्यापैकी लार्जमाउथ बास, म्हणजे इथले गोड्या पाण्यातले शिकारी मासे, मिळाले. दिवाळीनंतर मात्र त्याच जागी, त्याच आमिषावर शनिवारमागून शनिवार कोरडे चालले आहेत. मासे झोपले का, आणि आता कोणतं आमिष विकत घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मासे झोपलेले नाहीत. आणि आमिष हा तुमचा खरा प्रश्नही नाही. तुम्ही ऑक्टोबरातल्या जागी उभे राहून ऑक्टोबरातल्या वेगाने आमिष ओढताय, आणि मासे त्या जागेवरून हललेत. सगळ्या तळ्यात विखुरलेले बास आता मोजक्या ठिकाणी गोळा झाले आहेत. म्हणजे तळ्याचा बहुतेक भाग रिकामा आहे आणि उरलेल्या थोड्याशा भागात गर्दी आहे. रिकाम्या पाण्यात जगातलं सगळ्यात महाग आमिष टाकलंत तरी ते रिकाम्या पाण्यातच पडणार.

आता यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं पुष्कळ आहे, ते आधीच सांगतो. तुम्ही काठावरून टाकताय की बोटीतून, पाणी किती अंशावर आलंय, त्या वर्षी तळ्याची पातळी किती उतरवली आहे, आणि तुम्हाला लार्जमाउथ हवाय की स्मॉलमाउथ (बासचीच दुसरी जात), या चार गोष्टींवर उत्तर बदलतं. मी जे सांगतोय ते हपॅटकाँग आणि उत्तर जर्सीतल्या तशाच तळ्यांपुरतं समजा. जॉर्जिया किंवा टेक्सासमधल्या मंडळींचे व्हिडिओ बघून जात असाल तर लक्षात ठेवा, त्यांचा नोव्हेंबर म्हणजे आपला सप्टेंबर संपतानाचा काळ.

पहिली खरेदी आमिषाची नको, थर्मामीटरची करा. दोरीला बांधून पाण्यात सोडायचा साधा थर्मामीटर पुरतो. कॅलेंडरपेक्षा तो जास्त खरं बोलतो. बास शीतरक्ताचा मासा, त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर उतरतं आणि पचनही त्याच बेताने मंदावतं. उन्हाळ्यात एखाद दिवसात जिरणारा घास चाळिशीतल्या अंशांवर (इथले सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये) अनेक दिवस पोटात राहतो. पाणी ६० ते ५५ असेल तर मासा अजून पाठलाग करतो, तुमचा स्पिनरबेट चालतो. ५५ ते ४८ या पट्ट्यात तो जागा बदलत असतो, आज इथे तर उद्या तिथे. याच काळात लोक सर्वांत जास्त वैतागतात, आणि तुमचे कोरडे शनिवार बहुधा याच पट्ट्यात गेले. ४८ च्या खाली गोष्टी पुन्हा सोप्या होतात असं मला वाटतं. चावे कमी मिळतात, पण मासा एकदा सापडला की तो तिथून हलत नाही आणि शेजारी त्याचे भाऊबंद असतात.

त्याच्या आधी एक घटना होऊन गेलेली असते. उन्हाळ्यात खोल तळ्यात वर गरम पाण्याचा थर आणि खाली थंड, जड पाण्याचा थर असतो. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत आणि तळाशी ऑक्सिजन संपत जातो. शरद ऋतूत वरचं पाणी थंड होत होत खालच्याइतकं झालं की मध्ये अडसर राहत नाही. मग जोराचा वारा सुटला की सगळं तळं घुसळून निघतं. याला इथे टर्नओव्हर म्हणतात. त्या आठवड्यात पाणी गढूळ दिसतं, कुजका वास येतो, तळाचा कचरा वर तरंगतो आणि मासेमारी बसते. तुमच्या बाबतीत मात्र ते कारण फार दिवस पुरणारं नाही. हपॅटकाँगसारख्या तळ्यात हे साधारण ऑक्टोबरात उरकतं, आणि उथळ खाड्यांमध्ये तर मुळात असे थर फारसे टिकतच नाहीत. घुसळण संपल्यावर ऑक्सिजन वरपासून तळापर्यंत पोहोचलेला असतो. ऑगस्टमध्ये जिथे मासा जगूच शकला नसता त्या खोलीवरही तो आता आरामात राहू शकतो. म्हणूनच लोक म्हणतात की मासे खोल गेले. अर्धं खरं आहे ते.

अर्धं का, ते सांगतो. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे दोन वेगळ्या स्वभावाचे मासे आहेत. स्मॉलमाउथ खडक, गोटे आणि मोकळ्या पाण्याचा. तो थंडीत खरोखर खोल जातो, २० ते ३५ फुटांवर कठीण तळाशी जमतो, आणि ४५ अंशांतही खायला तयार असतो. लार्जमाउथ आडोशाचा मासा. आपल्याकडे मरळ कशी गवताच्या कडेला दबा धरून बसते, तसाच हाही बसतो. त्याला हिरवी पाणवनस्पती मिळाली तर तो बर्फ पडायच्या दिवसांतही ८ ते १२ फुटांवर राहतो, फक्त अट एवढीच की दोन शेपट्या मारल्या की खोल पाणी गाठता आलं पाहिजे. सप्टेंबरात तो ज्या उथळ पसरट खाडीत होता तिथून हे खोल पाणी लांब असतं, म्हणून ती खाडी तो सोडतो.

वनस्पती हिरवी आहे की तपकिरी, हे या दिवसांत सगळ्यात महत्त्वाचं. थंडीने मेलेली वनस्पती आडवी पडते, कुजते, कुजताना ऑक्सिजन खाते, आणि तिच्यातले लहान मासे निघून जातात. त्यांच्या मागे बास जातो. पण सगळ्या वनस्पती एकदम मरत नाहीत. कूनटेल नावाची, कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार पाणवनस्पती थंडीत बराच काळ हिरवी राहते. कर्लीलीफ पाँडवीडचं तर उलटंच आहे, तिचे नवे कोंब शरद ऋतूत फुटतात आणि हिवाळाभर वाढतात. त्यामुळे गळाला गवत आलं की चिडून फेकून देऊ नका, हातात घेऊन बघा. कुरकुरीत, हिरवं, झटकलं तर पाणी स्वच्छ, असं असेल तर थांबा. काळं, लिबलिबीत, वास मारणारं असेल तर जागा सोडा. या एका सवयीने माझा जितका वेळ वाचला तितका कुठल्याही यंत्राने वाचवलेला नाही.

आता हपॅटकाँगची स्वतःची एक भानगड आहे, आणि बाहेरून आलेल्या माणसाला ती कुणी सांगत नाही. दर वर्षी शरद ऋतूत या तळ्याची पातळी मुद्दाम खाली आणतात, साधारण दोन-सव्वादोन फूट, म्हणजे बर्फाने डॉक आणि भिंती फुटू नयेत. दर पाच वर्षांनी एकदा मोठी उतरण असते, सुमारे ५ फुटांची, ती २०२३ मध्ये झाली. पाच फूट पाणी गेलं की उथळ खाड्यांचा मोठा भाग उघडा पडतो. स्टेट पार्कच्या बाजूला तुम्ही ज्या गवताच्या कडेवर सप्टेंबरात टाकत होतात, तिथे सव्वादोन फूट कमी पाणी म्हणजे मासा राहण्याजोगं पाणी उरलं का, हेच आधी बघायला हवं. पाणी उतरत असताना मासा काठाकडे येत नाही, आत सरकतो. तुमच्या कोरड्या शनिवारांचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं.

पण हीच उतरण तुमच्या फायद्याचीही आहे. पाणी खाली गेलं की एक दिवस रॉड घरी ठेवा आणि काठाने नुसते चाला, फोनमध्ये फोटो घेत. एरवी पाण्याखाली असणारे दगडांचे ढीग, जुने बुंधे, पडक्या डॉकचे पाये, वाळूतून अचानक सुरू होणारा गोट्यांचा पट्टा, सगळं उघड्यावर दिसतं. ते पुढे पाण्यात कुठल्या दिशेने जातंय ते बघा. गोट्यांची रांग काठावरून तिरपी आत शिरत असेल तर ती तशीच पुढे ८-१० फुटांवरही गेलेली असते आणि तिच्या टोकावर मासा असतो. फोटोत मागचं एखादं घर किंवा झाड येईल असं बघा, म्हणजे वसंतात पाणी भरल्यावर जागा पुन्हा सापडते.

या तळ्याचा इतिहासही इथे कामाला येतो. मुळात ही दोन वेगळी तळी होती, ग्रेट पाँड आणि लिटल पाँड. मस्कनेटकाँग नदीवर बांध घालून पातळी चढवली आणि मॉरिस कालव्याला इथून पाणी दिलं, तेव्हा दोन्ही मिळून आजचं सुमारे २,५०० एकरांचं तळं झालं. म्हणजे जुन्या तळ्यांचे काठ अजून पाण्याखाली आहेत. खोलीचा नकाशा उघडून समोच्च रेषा (सारख्या खोलीच्या रेघा) दाटीने एकत्र आलेल्या जागा शोधा. उतार तीव्र असतो तिथेच थंडीतला बास असतो. पसरट भागात, जिथे खोली ५ वरून १० फूट व्हायला शंभर पावलं लागतात, तिथे वेळ घालवू नका. वुडपोर्टकडची आणि रिव्हर स्टिक्सची उथळ, गवताळ टोकं उन्हाळ्यात सोन्यासारखी असली तरी आता मी तिकडे फिरकत नाही. बायरम कोव्हकडचा खडकाळ, सरळ खाली उतरणारा काठ मात्र या दिवसांत बोटवाल्यांना हमखास बोलावतो. तळ्याच्या मध्यात ५० फुटांच्या पुढचं पाणी आहे, आणि त्या खोल खळग्याकडे तोंड केलेला प्रत्येक सुळका एकदा तपासण्याजोगा आहे.

लहान मासे कुठे आहेत हेही बघावं लागतं. हपॅटकाँगमध्ये एलवाइफ जातीचे चंदेरी मासे आहेत, इथल्या आमिषाच्या दुकानांत त्यांना हेरिंग म्हणतात. थंडी वाढली की त्यांचे थवे उथळ पाणी सोडून खोल उतारांवर जातात. तुमच्याकडे फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर उतारावर तळापासून थोडं वर ढगासारखा पुंजका आणि त्याखाली आडव्या रेघा दिसतात, तीच जागा. नसेल तर पाणकावळे आणि सीगल कुठे बुड्या मारतायत ते बघा. या थव्यांमागे फक्त बास नसतात बरं का. हॅकेट्सटाउनच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रातून इथे हायब्रिड स्ट्राइप्ड बास, वॉलाय आणि मस्की हे दुसरे शिकारी मासेही सोडतात. त्यामुळे दोरी अचानक जोरात पळायला लागली आणि मासा वर यायचं नाव घेत नसेल, तर तो तुमचा लार्जमाउथ नाही असं खुशाल समजा. मस्की आणि पिकरेलचे दात लक्षात घेऊन लांब पक्कड जवळ ठेवा.

आता काठावरून टाकणाऱ्याचं काय? हपॅटकाँगचा बहुतेक काठ खाजगी घरांचा आहे, कुणाच्या अंगणातून जाऊन उभं राहता येत नाही. हाताशी उरतात स्टेट पार्क, माउंट आर्लिंग्टनचं लीज काउंटी पार्क मरीना आणि अशा मोजक्या जागा. स्टेट पार्कमध्ये बांधाच्या बाजूचा दगडी भाग आणि जिथून खोल पाण्यापर्यंत टाकता येतं तेवढीच जागा निवडा. समोरच्या सुंदर पसरट पाण्याचा मोह सोडा. मरीनात जे डॉक पाण्यात राहिलेत त्यांच्या खोल टोकाचे खांब बघा. खरं सांगायचं तर नोव्हेंबरात काठावरून टाकायचं असेल तर मी तुम्हाला क्लिंटनजवळच्या स्प्रूस रनला जायला सांगेन. तो जलाशय सरकारी रिक्रिएशन एरियात आहे, काठाने मोकळं चालता येतं, आणि शरदात पाणी उतरलं की गोटे, बुंधे सगळं दिसतं. काठावरच्या माणसाची ताकद पायात आहे. एका जागी स्टूल मांडून बसण्याचे दिवस हे नव्हेत. बसायचं ते जागा सापडल्यावर.

आमिषाकडे येतो, कारण मी ते टाळलं तर तुम्हाला उत्तर अपुरं वाटेल. थंड पाण्यातला बास म्हणजे पंगतीतून पोटभर जेवून उठलेला पाहुणा. त्याला पुन्हा पानावर बसवता येत नाही, पण हातावर पेढा ठेवलात तर तो नाही म्हणत नाही. म्हणून आमिष लहान, त्याच्या तोंडासमोर, आणि तिथे रेंगाळणारं हवं.

माझ्याकडे या मोसमात मोजकी आमिषं असतात. ब्लेड बेट हे पहिलं, म्हणजे पाठीला दोरी बांधायची भोकं असलेला धातूचा चपटा मासा. तळाला जाऊ द्या, मग रॉडचं टोक वीतभर वर उचला, थरथर हातात जाणवली की थांबा, आणि दोरी जेमतेम सैल ठेवून परत खाली पडू द्या. लोक तो फूट-दोन फूट उडवतात, तेवढ्याची गरज नाही. मासा बहुतेक वेळा पडतानाच घेतो. खोल उतारावर, विशेषतः स्मॉलमाउथसाठी, याला तोड नाही. फक्त गवतात तो लगेच अडकतो.

हिरव्या गवताच्या बाहेरच्या कडेवर जिग, म्हणजे जड डोक्याचा गळ, वापरा, पाव ते तीन-अष्टमांश औंस, मागे छोटं प्लास्टिक. तळावरून ओढा, उडवू नका. ओढून झालं की थांबा, आणि ते थांबणं तुम्हाला कंटाळा येईपर्यंत लांबवा. पिसांची केसाळ जिग मिळाली तर उत्तम, कारण ती जागच्या जागी पडून असतानाही तिची पिसं पाण्यात हलत राहतात. याशिवाय ८-१० फुटांवर, पाणी नितळ असताना, मध्येच तरंगत थांबणारा जर्कबेट, म्हणजे झटक्यांनी ओढायचा नकली मासा. दोन झटके, मग थांबा, मनात दहा मोजा, पुन्हा झटका. थंड पाणी जास्त घन असतं, त्यामुळे उन्हाळ्यात बरोबर मध्ये थांबणारा जर्कबेट आता हळूहळू वर यायला लागतो. काठाशी पाण्यात सोडून तपासा आणि वर येत असेल तर पोटाला शिशाची छोटी चिकटपट्टी लावा. दुकानदार हे सांगत नाही, तो दुसरा जर्कबेट विकतो.

तुमच्याकडच्या प्लास्टिकच्या वर्मला फेकून देऊ नका. तीन इंचांचा तुकडा करून छोट्या, चपट्या डोक्याच्या जिगवर लावा, तेवढ्यावर महिना निघतो. जिवंत आमिष हवं असेल तर दुकानातून शायनर (आमिषाचे छोटे मासे) किंवा हेरिंग घ्या. आपल्याकडे तळ्यावर तरंगणारं बूच लावून कणकेची गोळी सोडायची सवय असते, त्याच सवयीने बुचाखाली शायनर सोडला तरी चालतो. फक्त बूच अशा खोलीवर बांधा की शायनर गवताच्या वर हातभर राहील.

चावा कसा कळतो, हा भाग कुणी सविस्तर सांगत नाही आणि माझ्या मते नवख्या माणसाचे निम्मे मासे इथेच सुटतात. ऑक्टोबरातला ठक्क असा धक्का विसरा. थंडीत मासा आमिष तोंडात घेतो आणि तिथेच राहतो. हाताला एवढंच कळतं की जड झालंय, कुठेतरी ओलं पान अडकल्यासारखं. किंवा ब्लेड बेट खाली पडता पडता तळाच्या आधीच दोरी सैल झाली. पुष्कळदा ते खरोखर पानच असतं, नोव्हेंबरात तळाशी पानांचा थर पडलेला असतो. तरी प्रत्येक जडपणाला मासा समजून वागा. वर झटका नको, रॉड बाजूला लांबवर ओढत न्या. लाइन ६ ते ८ पौंडांची फ्लुरोकार्बन ठेवा. ती बुडते, आणि एवढी बारीक असली की छोटं आमिषही नीट खाली जातं. पारा गोठणबिंदूच्या खाली असेल तर वेणीची (ब्रेडेड) लाइन पाणी धरून रॉडच्या कड्यांत बर्फ जमवते, मग रॉड पाण्यात बुचकळून बर्फ काढत बसा.

किती वेळ एका जागी? इथे माझा नियम तुम्हाला उलटा वाटेल: शोधताना भराभर, सापडल्यावर हळूहळू. नव्या जागी १५-२० मिनिटं, तेवढ्यात उतार, गवताची कड आणि कठीण तळ असं तीनदा वेगवेगळ्या खोलीवर टाकून बघा. काही नाही तर पुढे. एक मासा लागला की मात्र तिथून हलू नका. तोच कोन, तीच खोली, तोच वेग, अर्धा-पाऊण तास. या दिवसांत एकटा बास क्वचित असतो.

वेळेबाबत आनंदाची बातमी अशी की पहाटे उठायचं कारण संपलं. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेल्यावर पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. अकरा ते साडेतीन हा वेळ धरा, सूर्य दोनतीन तास पाण्यावर पडून गेलेला असतो. उत्तरेकडचा काठ, म्हणजे ज्याच्यावर दक्षिणेचं ऊन पडतं आणि ज्याच्या पाठीशी टेकडी किंवा झाडं असल्याने वायव्येचा गार वारा अडतो, तिथे पाणी एखाद-दुसरा अंश जास्त असतं. दगड ऊन धरून ठेवतात म्हणून तिथे दगडी काठ असेल तर आणखी बरं. एखाद-दुसरा अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण मासा तो फरक ओळखतो. हवामानात, सलग दोनतीन दिवस एकसारखी ऊबदार हवा आणि मग ढग येऊन वादळाआधीची संध्याकाळ, हा माझा आवडता दिवस. थंड लाट येऊन गेल्यावरचं निळंशार, कोरडं आकाश छायाचित्रासाठी छान. त्या दिवशी मी घरी पानं गोळा करतो.

आता कयाकबद्दल. तुम्ही सहज लिहिलंय की पुढच्या आठवड्यात जमलं तर कयाक घेऊन खोल पाण्यात जाऊन बघतो. नका जाऊ. निदान एकटे आणि साध्या जॅकेटमध्ये नको. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याबाबत सांगितलेलं सोपं गणित आहे, १-१०-१. गार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, धापा लागतात, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यात खेळ संपतो. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात. शरीर थंड पडून शुद्ध जायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याआधी बुडून मरतो, आणि चांगलं पोहता येणं त्या पहिल्या मिनिटात कामाला येत नाही. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, सीटखाली ठेवलेलं नव्हे. उन्हाळ्यात एखादी बोट पाच मिनिटांत जवळून जायची; नोव्हेंबरात दुपारी दोन वाजताही हपॅटकाँगवर तुमच्याशिवाय कुणी नसेल. ड्राय सूट (पाणी आत न शिरू देणारा पोशाख) आणि सोबत दुसरी बोट असेल तर वेगळी गोष्ट. नाहीतर कुणा बोटवाल्या मित्राला गाठा, किंवा काठावरच राहा.

खोल पाण्यातला मासा काढताना एक पथ्य आहे. ३० फुटांच्या आसपास किंवा त्याखालून बास भरकन वर आणला तर दाब कमी झाल्याने त्याची हवेची पिशवी फुगते. सोडल्यावर तो आडवा तरंगत राहतो, खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे मासे सोडून देणार असाल तर २५ फुटांपेक्षा उथळ जागांवर समाधान माना. हिवाळ्यात लार्जमाउथ तिथेच सापडतो, तुम्ही काही गमावत नाही. ओल्या हाताने धरा, आणि गोठवणाऱ्या वाऱ्यात फोटोसाठी फार वेळ बाहेर ठेवू नका.

तुम्ही शेवटी खाण्याबद्दलही विचारलंय. माझं मत, बास सोडून द्या. माशांत साठणाऱ्या पाऱ्याच्या अंशामुळे राज्याच्या पर्यावरण विभागाने बास किती वेळा खावा यावर राज्यभरासाठी सल्ला दिलेला आहे, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो जास्त कडक आहे. आणि मोठा बास जितका म्हातारा तितका पारा जास्त. कढईसाठी यलो पर्च हा लहान मासा शोधा. त्याच उतारांवर, थोडा वर, थव्याने असतो, छोट्या जिगवर लागतो. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून रव्यात घोळवून तळला तर काटेही फारसे त्रास देत नाहीत. पोरं आवडीने खातात.

तर या शनिवारी काय करायचं? सकाळी आरामात निघा. आधी पाण्याचं तापमान घ्या. ५० च्या वर असेल तर हिरव्या गवताची खोल कड शोधा, जिग आणि जर्कबेट. ४८ च्या खाली असेल तर तीव्र उतार, दगड, ब्लेड बेट. पातळी उतरलेली असेल तर पहिला अर्धा तास नुसतं चाला आणि फोटो घ्या. साडेतीनपर्यंत तीन-चार जागा बघून होतात. दोन चावे आले तरी दिवस चांगला गेला समजा; या मोसमात मिळणारा मासा बहुधा उन्हाळ्यातल्यापेक्षा जाडजूड असतो, हिवाळ्याआधी खाऊन भरलेला.

आणि एक, लायसन्स. न्यू जर्सीत १६ ते ६९ वयाच्या सगळ्यांना गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं लायसन्स लागतं, आणि ते कॅलेंडर वर्षापुरतं असतं. तुम्ही उन्हाळ्यात काढलेलं ३१ डिसेंबरला संपेल. जानेवारीत बर्फावर जाऊन भोक पाडायचा विचार असेल तर त्याआधी नवं काढा.